चंद्रासाठी किती लांब जायचं?

चंद्रोदयाची वेळ आधी पाहून ठेवायची सवय मराठी घरांना फार जुनी. संकष्टीला कालनिर्णयमध्ये आपल्या गावाचा चंद्रोदय शोधायचा आणि त्या बेताने मोदकांची उकड काढायची. मुंबईची वेळ नागपूरला चालत नाही, हेही या घरांना ठाऊक असतं. दोन्ही शहरांच्या रेखांशांत सव्वासहा अंशांच्या आसपास फरक आहे, त्यामुळे नागपूरला चंद्र साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. पौर्णिमेच्या चंद्रोदयासाठी मात्र कुणी घड्याळ लावून बसत नाही. कोजागरीचं दूध आटेपर्यंत तो बराच वर चढून पांढरा झालेला असतो. फोटो काढणाऱ्याला नेमका त्याच्या आधीचा चंद्र हवा असतो. क्षितिज सोडून पंधरा-वीस मिनिटं झालेला, अजून केशरी रंगाचा आणि शहरातल्या एखाद्या ओळखीच्या वास्तूच्या खांद्याला टेकलेला.

असा चंद्र दिसला की हात मोबाइलकडे जातो आणि फोटोत येतो एक पांढरा ठिपका. यात मोबाइलचा दोष कमी आणि आपल्या डोळ्यांचा जास्त. क्षितिजावरचा चंद्र मोठा दिसतो हा भास आहे. माप घेतलं तर तो डोक्यावरच्या चंद्रापेक्षा दीडेक टक्क्याने लहानच भरतो, कारण चंद्र उगवताना आपण त्याच्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येएवढे, म्हणजे जवळजवळ ६,४०० किलोमीटर जास्त लांब असतो. वातावरणातल्या वक्रीभवनामुळे तो वरून-खालून किंचित चेपलेलाही दिसतो. तरी मेंदू त्याला मोठाच ठरवतो. असं का होतं, यावर ॲरिस्टॉटलच्या काळापासून चर्चा चालू आहे आणि सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून निघालेलं नाही. कॅमेऱ्याला मेंदू नसल्यामुळे तो आहे तेच टिपतो.

आणि आहे ते म्हणजे अर्धा अंश. आकाशात चंद्राची रुंदी एवढीच. या अर्ध्या अंशातून एक आकडा निघतो आणि पुढचा सगळा हिशोब त्यावरच चालतो, तो म्हणजे ११०. एखादी वस्तू तिच्या रुंदीच्या ११० पट अंतरावर गेली की चंद्राएवढी दिसू लागते. एक किलोमीटरवरच्या इमारतीमागे चंद्र आला तर तो त्या इमारतीचा नऊ मीटर रुंदीचा भाग व्यापेल. दोन किलोमीटरवर अठरा मीटर. शंभर मीटरवर मात्र एक मीटरसुद्धा नाही.

लेन्सचं गणितही याच आकड्याचं. फोकल लेन्थला ११० ने भागा, सेन्सरवर चंद्र किती मिलिमीटरचा उमटेल ते कळतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सने अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, ४०० च्या लेन्सने साडेतीन मिलिमीटरच्या वर. मोबाइलचा मुख्य कॅमेरा इतकं रुंद दृश्य घेतो की चंद्र चित्राच्या रुंदीच्या जेमतेम दीडशेव्या भागाएवढा येतो.

लांब लेन्स घेतली की काम झालं, असं अनेकांना वाटतं आणि तिथेच ते फसतात. लेन्स चंद्र मोठा करते, पण त्याच पटीने इमारतही मोठी करते. दोघांमधलं प्रमाण लेन्सच्या हातात नसतं, ते आपण कुठे उभे आहोत यावर ठरतं. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर आहे, आपण दोन किलोमीटर मागे सरकलो तर त्याला काही फरक पडत नाही. इमारत मात्र झपाट्याने लहान होते. म्हणजे मोठा चंद्र हवा असेल तर इमारतीकडे पाठ फिरवून चालायला लागायचं. लेन्सचं काम त्यानंतर सुरू होतं.

हा हिशोब मुंबईवर लावून पाहू. गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये पुरा झाला. उंची २६ मीटर, मधल्या घुमटाचा व्यास १५ मीटरच्या आसपास. चंद्र बरोबर त्या घुमटाएवढा यायचा असेल तर गेटवेपासून साधारण १,६५० मीटर पश्चिमेला जावं लागेल. तिथून अख्खं कुलाबा मध्ये येतं, गेटवेचा दगडही दिसत नाही. ताज हॉटेलसमोरच्या मोकळ्या जागेतून, दीडशे मीटरवरून, गेटवे व्यवस्थित दिसतो आणि त्याच्यापलीकडे बंदरावर चंद्र उगवतोही, पण तो येतो गेटवेच्या उंचीच्या जेमतेम एकोणिसाव्या भागाएवढा. गेटवेमागे घुमटाएवढा चंद्र उगवल्याचे फोटो दर कोजागरीला व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांच्याकडे या आकड्यांतून पाहावं.

राजाबाई टॉवरची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने बांधून घेतलेला हा मनोरा १८७८ मध्ये उभा राहिला. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, जो मुंबईला कधी आलाच नाही. मनोरा ओव्हल मैदानाच्या पूर्वेला आहे, म्हणून मैदानाच्या पश्चिम कडेला, आर्ट डेको इमारतींपाशी उभं राहिलं की चंद्रोदयाची बाजू समोर येते. शिवाय मैदान दक्षिणोत्तर लांबट आहे. हिवाळ्यात चंद्र ईशान्येकडे सरकून उगवतो, तेव्हा मैदानात दक्षिणेकडे जाऊन तिरकं पाहायचं. मे महिन्यात तो आग्नेयेकडे सरकतो, तेव्हा उत्तरेकडे जायचं. इतकी सोय मुंबईत दुसरीकडे क्वचितच मिळेल. अडचण अंतराची. मनोरा ८५ मीटर उंच आणि आपण साधारण दोनशे मीटरवर. त्याच्या उंचीत चाळीसहून अधिक चंद्र एकावर एक मावतील. चंद्र घड्याळाच्या उंचीवर पोचेपर्यंत उगवून तास उलटलेला असतो, केशरी रंग गेलेला असतो आणि आकाश काळंकुट्ट झालेलं असतं. राजाबाई टॉवर चंद्राएवढा दिसायचा तर नऊ किलोमीटरवरून पाहावा लागेल. म्हणून ओव्हलवर मोठ्या चंद्राचा हट्ट सोडून द्यावा. छोटा चंद्र, मोठा मनोरा आणि खाली क्रिकेट संपवून निघालेली पोरं, असं रुंद चित्र तिथे जास्त शोभतं.

मुंबईची खरी गोची ही की शहराचं दर्शनी तोंड पश्चिमेला आहे. मरीन ड्राइव्ह, चौपाट्या, सी लिंक, सगळं सूर्यास्ताच्या बाजूला. पूर्वेचा किनारा बहुतेक गोद्यांनी व्यापलेला. त्यामुळे चंद्रोदयापेक्षा चंद्रास्त या शहराला अधिक मानवतो, असं माझं मत आहे. पौर्णिमेचा चंद्र पहाटे सूर्योदयाच्या सुमाराला मावळतो. दादर ते माहीम या किनाऱ्यावरून पश्चिमेला पाहिलं की वांद्रे-वरळी सी लिंक क्षितिजावर आडवा पसरलेला दिसतो. हिवाळ्यात पौर्णिमेचा चंद्र वायव्येकडे झुकून त्याच्यामागे उतरतो. तिथून पुलाचा केबलांचा मोठा मनोरा दोनेक किलोमीटरवर पडतो. तो सव्वाशे मीटरहून थोडा उंच आहे, म्हणजे सात चंद्रांएवढा. हे प्रमाण चित्राला झकास बसतं. पाठीमागून सूर्य उगवत असतो आणि त्याचा पहिला उजेड केबलांवर पडतो. पहाटे साडेसहाला उठून समुद्रावर यायची तयारी लागते, एवढंच.

आता दिशेकडे वळू. सूर्य वर्षभर एकाच जागी उगवत नाही, हे शाळेत शिकलेलं असतं. मुंबईच्या अक्षांशावर तो अचूक पूर्वेच्या दोन्ही बाजूंना पंचवीसेक अंश सरकतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असल्यामुळे त्याचा हिशोब उलटा. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो तर चंद्र ईशान्येला, मे-जूनमध्ये याच्या उलट. यासाठी ॲप उघडायचीही गरज नाही, मराठी महिन्याचं नाव पुरतं. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो आणि मार्गशीर्षात मृगशीर्षाजवळ. ही नक्षत्रं आकाशाच्या उत्तर अर्ध्या भागात आहेत, तेव्हा चंद्र पूर्वेच्या डावीकडे उगवणार. ज्येष्ठात तो ज्येष्ठा नक्षत्राकडे असतो, ते पार दक्षिणेला, म्हणून उजवीकडे. चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या संध्याकाळी, चित्राजवळ म्हणजे पूर्वेपासून थोडाच उजवीकडे. अश्विनात, कोजागरीला, थोडाच डावीकडे.

दिशेचा हा पल्ला कळला की काही स्वप्नं आपोआप गळून पडतात. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातून दिसणारा मरीन ड्राइव्हचा अर्धगोल आणि टोकाला नरिमन पॉइंटच्या उंच इमारती, हे मुंबईचं सर्वांत जास्त छापलं गेलेलं दृश्य असावं. त्या इमारतींवर पूर्णचंद्र उगवताना टिपावा असं कुणालाही वाटेल. पण नरिमन पॉइंट तिथून दक्षिण-आग्नेयेला येतो, उत्तरेपासून मोजलं तर दीडशे अंशांच्या आसपास. मुंबईत चंद्र १२० अंशांच्या पलीकडे कधीच उगवत नाही. तिथे पोचेपर्यंत तो आकाशात चांगला वर चढलेला असतो. तेव्हा कितीही पौर्णिमा वाट पाहिली तरी हा फोटो मिळणार नाही.

आणखी एक बारकावा. आपल्या अक्षांशावर चंद्र सरळ उभा वर चढत नाही, उजवीकडे कलत चढतो. तीन अंश वर गेला की एक अंश दक्षिणेला सरकलेला असतो. मुंबईच्या धुरकट हवेत क्षितिजावरचे पहिले दोन-तीन अंश तो बहुधा दिसतच नाही. उगवण्याची दिशा नकाशावर आखून त्या रेषेवर उभं राहिलं तर तो दिसेपर्यंत स्वतःच्या रुंदीच्या दुप्पट उजवीकडे गेलेला असतो. म्हणून हिशोब क्षितिजाचा धरू नये, चंद्र ज्या उंचीवर दिसू लागेल त्या उंचीचा धरावा. फोटोपिल्ससारखी ॲप्स किंवा फुकट मिळणारं स्टेलॅरियम हे सगळं मिनिटामिनिटाला सांगतात. चूक किती चालेल, तेही आपल्या ११० वरूनच कळतं. दोन किलोमीटरवरून चंद्र अठरा मीटर व्यापतो, म्हणजे आपण अठरा मीटर बाजूला उभे राहिलो तर चंद्र अख्खा बाजूला जातो. आणि स्वतःच्या रुंदीएवढं अंतर कापायला त्याला दोन मिनिटं पुरतात. ट्रायपॉड उचलून पळायची तयारी ठेवावी, पायात चपला नकोत.

दिवस कोणता निवडायचा? चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि मुंबईत संधिप्रकाश जेमतेम वीस-बावीस मिनिटं टिकतो. इंग्लंडसारखी लांबलेली संध्याकाळ इथे नाही. चतुर्दशीला चंद्र बहुधा सूर्यास्ताच्या तासभर आधी येतो, उजेडात फिका असतो, पण इमारतीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर मावळतीचं ऊन असतं. प्रतिपदेला तो अंधारात येतो. शहराचे दिवे छान लागलेले असतात, पण चंद्र आणि इमारत यांच्या उजेडात इतका फरक पडतो की एकाला सांभाळताना दुसरा हातचा जातो. चंद्रोदय सूर्यास्ताच्या पाच ते वीस मिनिटं आधी होणार असेल, ती संध्याकाळ उत्तम. ती पौर्णिमेलाच येते असं नाही. पंचांगातल्या तिथीपेक्षा या दोन वेळांमधलं अंतर पाहावं.

जगातलं सर्वांत प्रसिद्ध चंद्रोदयाचं छायाचित्रही पौर्णिमेचं नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या हर्नान्डेझ नावाच्या खेड्याजवळून ॲन्सेल ॲडम्स गाडीने चालला होता. उजाड मैदानावर चंद्र वर आलेला, खाली चर्च आणि दफनभूमीतले पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकत होते. गाडी थांबवून त्याने मोठा कॅमेरा घाईघाईने उभा केला, पण प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता किती, हा आकडा त्याला पाठ होता, प्रति चौरस फूट २५० कॅन्डल. त्यावरून त्याने एक्स्पोजर ठरवलं आणि एक निगेटिव्ह उघडलं. दुसरं उघडायच्या आत क्रुसांवरचं ऊन गेलं. ॲडम्सने तारीख लिहून ठेवली नव्हती. पुढे खगोलशास्त्राच्या जाणकारांनी चित्रातल्या चंद्राची जागा मोजून ती शोधून काढली, १ नोव्हेंबर १९४१ची दुपार, पाच वाजायला दहा-अकरा मिनिटं. पौर्णिमेला अजून दोन-तीन दिवस होते.

ॲडम्सला जे पाठ होतं, ते आपणही लक्षात ठेवावं. रात्रीचा असला तरी चंद्र उन्हात आहे. त्याची माती काळपट, अंगावर पडलेल्या प्रकाशातला बाराएक टक्केच परत पाठवणारी, जुन्या डांबरी रस्त्यासारखी. त्यामुळे स्वच्छ आकाशातल्या उंच चंद्राचं एक्स्पोजर जवळजवळ ठरलेलं असतं. अ‍ॅपर्चर एफ ११ आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याएवढा, म्हणजे आयएसओ १०० ला सेकंदाचा शंभरावा-सव्वाशेवा भाग. छायाचित्रकार याला लूनी इलेव्हन म्हणतात. क्षितिजाजवळ धूळ-धुराच्या पडद्यामागे तो बराच मंद होतो, तेव्हा तीन-चार पट जास्त प्रकाश द्यायला हरकत नाही, पुढे दर दोन-तीन मिनिटांनी कमी करत जायचं. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो अंधारं आकाश उजळ करायला जातो आणि चंद्र जळतो. जळलेला चंद्र नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, काळवंडलेली इमारत थोडीफार उजळता येते. तेव्हा सांभाळायचा तो चंद्र. लांब लेन्सवर शटर अर्ध्या सेकंदाहून जास्त उघडं ठेवू नये, चंद्र सरकतो. फोकस हाताने, इमारतीच्या कडेवर. फोटो टायमरने घ्यायचा, बोटाचा धक्कासुद्धा ४०० च्या लेन्सला कळतो.

इतकं करूनही चंद्र कडेने थरथरलेला येईल, तेव्हा लेन्सला बोल लावू नका. दिवसभर तापलेलं काँक्रीट संध्याकाळी हवा उकळत ठेवतं आणि आपण त्या हवेच्या दोन किलोमीटर थरातून पाहत असतो. एकामागोमाग वीस-तीस फोटो घ्यावेत, एखादा स्थिर क्षण सापडतो. जून ते सप्टेंबर हा काळ ढगांचा. जानेवारीत धुरकं इतकं दाट की सी लिंकमागे उतरणारा चंद्र समुद्राला टेकायच्या आत हवेतच विरतो. पाऊस संपल्यावरचे चार-सहा आठवडे हवा धुतलेली असते, बेत तेव्हाचा आखावा. सुपरमूनचा गाजावाजा मात्र मनावर घेऊ नये. पृथ्वीजवळचा पूर्णचंद्र लांबच्यापेक्षा फार तर चौदा टक्के रुंद दिसतो. तेवढा फरक दोन किलोमीटरवर असताना आपण पावणेतीनशे मीटर मागे सरकूनही पाडू शकतो.

हे सगळे कष्ट नकोत म्हणून चंद्र नंतर चिकटवणारे पुष्कळ. त्यांना पकडायची एक युक्ती सांगतो. चंद्राच्या दक्षिण भागात टायको नावाचं तेजस्वी विवर आहे, त्यातून पांढरे किरण फुटल्यासारखे दिसतात. आपल्याकडे चंद्र उगवताना त्याची उत्तर डावीकडे असते, त्यामुळे टायको उजव्या बाजूला, थोडासा खाली येतो. मावळताना तो डाव्या बाजूला जातो. चिकटवलेला चंद्र बहुधा दुर्बिणीतून घेतलेल्या जुन्या चित्रातला असतो आणि त्यात टायको अगदी तळाशी असतो. क्षितिजावरच्या चंद्रात टायको तळाशी दिसला की ओळखावं. सूर्यास्ताची लाली आणि पूर्णचंद्र एकाच बाजूला शेजारी-शेजारी असले तर विवर शोधायचीही गरज नाही. मोबाइलचं तर आणखीच. एका मोठ्या कंपनीचे फोन धूसर चंद्रावर स्वतःच्या बुद्धीने खड्डे-डाग भरतात, यावरून २०२३ मध्ये बराच गदारोळ झाला होता. असा चंद्र स्टेटसला ठेवायला ठीक, स्पर्धेला पाठवू नये.

शेवटी एक तारीख सांगून ठेवतो. चंद्राची कक्षा १८.६ वर्षांत एक डोल पुरा करते. २०२४-२५ मध्ये ती टोकाला होती, तेव्हा मुंबईत चंद्र पूर्वेच्या दोन्ही बाजूंना तीस अंशांपर्यंत जाऊन उगवत होता. आता हा पल्ला आकसतो आहे. २०२९-३० च्या सुमाराला तो सूर्याएवढाच राहील, २०३४ च्या आसपास वीस अंशांच्याही आत येईल. तुमच्या मनातला मनोरा, मंदिर किंवा पूल अशा टोकाच्या दिशेला असेल तर नकाशा आजच उघडा आणि येत्या दोन-तीन हिवाळ्यांत तो फोटो काढून मोकळे व्हा. ती संधी पुन्हा २०४३ च्या सुमारालाच येणार आहे.